सगुणा कमी बोलते

कामरगाव
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मंजू,

तू गेलीस त्या दिवशी मी कॉलेजला आले नव्हते. दुसऱ्या दिवशी कारंज्याच्या स्टँडवर उतरले तर वर्षाराणी धावतच आली. म्हणाली, "मंजू गेली वं. तिच्या मायचा हात मोडला, म्हून तिच्या जागी बाप तिले ऊस तोडाले घेऊन गेला." मला खरंच वाटेना. आदल्याच आठवड्यात आपण चौघं मराठी विभागाच्या व्हरांड्यात बसून कादंबरीचे प्रवेश पाडत होतो. तू शेंगदाणे खात म्हणत होतीस, तीनशे पानांचं पुस्तक आहे आणि घडतं काय, तर सगुणा नावाच्या बाईचा नवरा निघून जातो आणि सासरचे तिला कोठीच्या खोलीत कोंडून ठेवतात.

ते नाटक आता अर्धवट पडलं आहे. सरांनी गॅदरिंगसाठी आपलं नाव देऊन टाकलं. जानेवारीच्या शेवटी प्रयोग. प्रज्वल दिग्दर्शक झाला आहे आणि दिवसभर गळ्यात शिट्टी घालून फिरतो. वर्षाराणी सासू, सगुणा मी. लिहायचं काम आपण दोघींनी घेतलं होतं, पण तुझ्या वाटणीचं मला जमत नाही. सगुणा पुस्तकभर कोणाशी बोलतच नाही, नुसता विचार करते. विचार स्टेजवर दाखवायचा कसा? मी तिला भिंतीशी बोलायला लावलं तर प्रज्वल म्हणाला, "बाई येडी झाली असं वाटून राह्यलं."

म्हणून काल तुमच्या तांड्यावर गेले. रामीकाकू हात गळ्यात बांधून बाजेवर बसल्या होत्या. ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी कारखान्याच्या तळावर साखरशाळा आहे, तिथल्या बाईंच्या पत्त्यावर टपाल येतं, असं त्यांनी सांगितलं. उरलेल्या प्रकरणांच्या झेरॉक्स सोबत पाठवते आहे. तू तिकडून लिही, आम्ही इकडे बसवतो.

फोन केला असता, पण माझा फोन पाण्याच्या टाक्यात पडला. तो काही आता दुरुस्त होत नाही. आणि तुझ्या वडिलांच्या फोनवर चार माणसांत तू मोकळं बोलणार नाहीस. एक कर, उत्तर घरी पाठवू नकोस. कॉलेजच्या पत्त्यावर, मराठी विभागात पाठव.

स्वतःला जप.

तुझी,
वैजयंती


कारखान्याचा तळ, जि. सांगली
२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय वैजू,

पत्र मिळालं. साखरशाळेच्या बाईंनी ते सगळ्यांसमोर हातात दिलं, तर तळावरच्या लोकांना वाटलं कोर्टाचं काही आलं. बा दिवसभर विचारत होता, "कोनाचं हाय? काय लिव्हलं?" अभ्यासाचं आहे म्हणून सांगितलं.

इथे कोयता म्हणजे दोन माणसं. एक पुरुष, एक बाई. एकट्या माणसाला कामावर घेत नाहीत. आईचा हात मोडला म्हणून बाच्या कोयत्यातलं दुसरं माणूस मी. तो तोडतो, मी पाला सोलून मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवते. फडात शिरलं की चारही बाजूंनी ऊस आणि वर पट्टीएवढं आभाळ. पान कापतं. पहिल्या आठवड्यात झोपताना हात कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. मधे घरी जाता येत नाही. हंगाम संपून पट्टा पडला की सुटका, मार्च उजाडेल म्हणतात. तोवर टोळीतलं कोणी निघून गेलं तर मुकादम जीप पाठवून परत आणतो. आमचा मुकादम अमरसिंगकाका, पलीकडच्या तांड्यावरचा. तू त्यांना पाहिलं असशील, शेलूबाजारला त्यांनी घर बांधलं आहे.

हे रडगाणं म्हणून लिहीत नाही वं. सगुणासाठी लिहिते आहे. तिला भिंतीशी बोलायला लावू नकोस. कोंडलेलं माणूस ऐकत असतं. मी उसात दिवसभर ऐकते. ट्रॅक्टर कुठवर आला, कोणाचं लेकरू रडलं, मुकादमाची मोटारसायकल कोणत्या बांधावर थांबली. म्हणून बोलायचं काम बाहेरच्यांना दे. सासू आणि शेजारीण अंगणात बोलू देत, आणि आत धान्य निवडणारा सगुणाचा हात थांबू दे. तिच्या मनात काय आलं ते बघणाऱ्याला कळेल. पहिले दोन प्रवेश तसे लिहून पाठवते आहे. अक्षर वाईट आहे, बोटं नीट मिटत नाहीत.

घरी पत्र पाठवू नकोस म्हणालीस ते समजलं. तांड्यावरच्या पोरीचं पत्र तुमच्या दारात आलेलं तुझ्या बाबांना आवडणार नाही. मला राग नाही. तू आईजवळ जाऊन बसलीस, तेवढं पुष्कळ आहे.

तुझी,
मंजू


कामरगाव
९ डिसेंबर २०२४

प्रिय मंजू,

तुझा शेवटचा परिच्छेद वाचून मला जेवण गेलं नाही. तसं काही नाही गं. कारण वेगळं आहे आणि आत्ता सांगण्यासारखं नाही. एवढं माझ्यासाठी मनातून काढून टाक.

तुझे प्रवेश आम्ही वाचले. वर्षाराणी सूप घेऊन बसली आणि शेजारणीशी हळू आवाजात बोलायला लागली, "खातेपिते, पण तोंडातून शब्द नाई काढत. असं माणूस घरात असलं का घराले घोर लागते." मी मागे नुसती बसले होते. बोलायचं काहीच नव्हतं, तरी सगळे माझ्याकडेच बघत होते. संपल्यावर प्रज्वलने गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. म्हणाला, "हे मंजूनं लिव्हलं? मंग मी काही बोलत नाई."

बोलत नाही म्हणाला, आणि लगेच शेवटावर घसरला. कादंबरीच्या शेवटी दीर येऊन दार उघडतो आणि सगुणा जागची उठतच नाही. लेखिकेने तिथेच पुस्तक संपवलं आहे. प्रज्वलचं म्हणणं, गॅदरिंगमध्ये असा शेवट केला तर पोरं खुर्च्या आपटतील. सगुणाने मोठं भाषण करावं आणि ताडताड निघून जावं. मला ते पटलं. मी दोन पानांचं भाषण लिहिलं आहे, सोबत पाठवते. लिहिताना माझ्या अंगावर काटा आला. "तुम्ही दाराला कडी घातली, माझ्या जिभेला घालू शकला नाहीत," असं सुरू होतं.

घरी सध्या पाहुण्यांची ये-जा आहे, त्यामुळे तालमीला कधी कधी उशीर होतो. बाकी सगळं ठीक. परवा रामीकाकूंचं प्लास्टर काढलं. हात अजून वर जात नाही.

तुझी,
वैजयंती


कारखान्याचा तळ
२३ डिसेंबर २०२४

प्रिय वैजू,

भाषण काढून टाक.

वाचायला छान आहे, पण सगुणा ते बोलणार नाही. दिवसभर राबलेलं माणूस दोन पानं बोलत नाही. इथे आमच्या टोळीत सोजरबाई म्हणून म्हातारी आहे. परवा तिला ताप होता आणि ट्रॉली अर्धी भरायची होती. मुकादम येऊन बोलला, समजावलं, शिव्या दिल्या. ती बांधावर बसून एवढंच म्हणाली, "आज नाई होत." मग खाली मान घालून पायातला काटा काढत बसली. मुकादम बोलून बोलून थकला आणि गेला. तिने भाषण केलं असतं तर त्याला वाद घालायला शब्द मिळाले असते.

चौथा प्रवेश पाठवते आहे. सासरचे सगुणाचं दिराशी लग्न लावायचं ठरवतात तो. सगळे दारातून एकेक येऊन तिला सांगतात आणि ती प्रत्येकाला "बरं" म्हणते. बाकी काही नाही. हा प्रवेश बदलू नकोस.

मुकादमाचा मुलगा उदयसिंग बारावी झाला आहे. तो बापाच्या हाताखाली टोळीचा हिशोब बघतो. झाडाखाली ठेवलेलं तुझं भाषण त्याने वाचलं आणि म्हणाला, "बायको इतकी बोलली तं नवरा पळूनच गेला असन." राग मानू नकोस.

जास्त लिहिण्यासारखं काही नाही. थंडी खूप आहे. पहाटे उसावर दव असतं, मोळी डोक्यावर घेतली की पाठीवरून पाणी उतरतं.

मंजू


कामरगाव
५ जानेवारी २०२५

मंजू,

तुझा चौथा प्रवेश मी तीन दिवस जवळ ठेवला, कोणाला दाखवला नाही. कादंबरीत हेच ऐकल्यावर सगुणा ताट उलटं करते. अख्ख्या पुस्तकात ती एवढी एकच गोष्ट करते आणि तुला तीच आवडायची. मग तुझी सगुणा "बरं" का म्हणते? मला आधी वाटलं तू दमली आहेस म्हणून भराभर लिहून टाकलंस. पण ते भराभर लिहिलेलं वाटत नव्हतं.

काल तांड्यावर गेले. मी काही विचारायच्या आधीच रामीकाकूंनी गुळाचा खडा हातावर ठेवला. "तोंड गोड कर पोरी. मंजूचं जमलं. मुकादमाचा उदयसिंग हाय. आता माह्याच्यानं कोयता होत नाई. लगन झालं का पोरगी अन् जावई, एक कोयता झाला. तिच्या बापालेही मुकादम संभाळून घेईन. पट्टा पडाच्या आंधी तिकडेच उरकून टाकू म्हणते तिचा बाप." त्या खूश होत्या, मंजू. वाईट हेतू कुठेच नव्हता. मी तो गूळ खाल्ला आणि घरी आले.

तू मला का सांगितलं नाहीस? हवापाणी लिहिलंस, दव लिहिलंस, आणि हे लपवलंस. एकदा लग्न झालं की दर दिवाळीनंतर तू उसात. कॉलेज संपलं, सगळं संपलं. परीक्षा एप्रिलमध्ये आहे. सर म्हणाले, हजेरीचं मी पाहून घेतो, तिला फक्त पेपरला यायला सांगा.

तोंड उघड. तुझ्या बाजूने तिथे बोलणारं कोणी नाही, म्हणून तूच बोल. चार माणसांत बोल. फार तर काय होईल? बोलतील, रागावतील. मनात ठेवून एकदा मान डोलावली की मग आयुष्यभर कोणी विचारत नाही. मी तुझ्या जागी असते तर गप्प बसले नसते.

वैजयंती


कारखान्याचा तळ
२० जानेवारी २०२५

प्रिय वैजू,

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस मला तुझा राग आला. 'फार तर काय होईल' हे कामरगावात बसून लिहायला सोपं आहे. इथे मुकादमाच्या शब्दावर चूल पेटते. बा रोज माझ्या पुढे उभा राहून ऊस तोडतो. त्याचे खांदे किती वाकले आहेत ते मी दिवसभर पाठीमागून बघते. त्याला मी नाही कसं म्हणणार? म्हणून तुला कळवलं नव्हतं. तू तोंड उघड म्हणशील हे माहीत होतं.

मग कारखान्याचं काहीतरी मशीन बिघडलं आणि तोड बंद राहिली. सकाळी मी हापशीवर गेले तर उदयसिंग कॅन भरत होता. मी विचारलं, "तुले कराचं हाय का हे लगन?"

तो म्हणाला, "मले कोनं विचारलं?"

"मी विचारून राह्यली."

त्याने कॅन खाली ठेवला. "मले आयटीआय कराचं होतं. बाप म्हणते, मुकादमाच्या पोरानं टोळीच संभाळाव." मग कॅनचं झाकण लावत म्हणाला, "मी घरात बोललो नाई अजून. बोलून काय होते?"

दुपारी अमरसिंगकाकांच्या कोपीसमोर, पाचटाच्या झोपडीसमोर, बैठक बसली. सुपारी फोडायची होती. बायका मागे बसल्या, मी सोजरबाईच्या शेजारी. सगळं बोलून झाल्यावर अमरसिंगकाका रीत म्हणून बोलले, "पोरीचं काय म्हणनं हाय?" बा हसून म्हणाला, "पोरीचं काय म्हणनं राह्यते?"

मी मागूनच म्हणाले, "मले नाई कराचं."

कोणाला आधी कळलंच नाही कोण बोललं. अमरसिंगकाका वळले. "काहून? पोरात काय खोट हाय?"

मी उभी राहिले. म्हणाले, "पोरात खोट नाई काका. पट्टा पडेपर्यंत मी बाच्या कोयत्यात हावो. आजपर्यंत एक खाडा नाई केला, पुढेही नाई करणार. पन कोयता जोडाले लगन नाई करत मी. मले पेपर द्याचे हायेत."

तेव्हा उदयसिंग खाली बघतच म्हणाला, "मलेही नाई कराचं."

त्याच्या बापाने पायातली चप्पल त्याच्या अंगावर भिरकावली. मग बाच्याकडे बघून म्हणाले, "बाबूसिंग, पोरीले कॉलेजात घातलं न? आता भोग." बैठक उठली. सुपारी तशीच राहिली, नंतर लेकरांनी पळवली.

तेव्हापासून आम्हाला लांबचा फड मिळतो, वाऱ्याने आडवा पडलेला ऊस. त्यात दुप्पट वाकावं लागतं. ट्रॉलीही आमच्याकडे सर्वांत शेवटी येते. बा माझ्याशी बोलत नाही. भाकर माझ्यापुढे ठेवतो आणि तोंड फिरवून खातो. काल माझ्या डोक्यावर मोळी देताना त्याने ती नेहमीपेक्षा लहान बांधली होती.

अजून पट्टा पडायचा आहे. मी कुठे सुटले नाही. पण तुझ्या पत्राशिवाय मी उभी राहिले नसते. वैजू माझ्या जागी असती तर बोलली असती, एवढंच मनात धरून उठले.

चौथा प्रवेश बदलते आहे. सगळ्यांना "बरं, बरं" म्हणून झाल्यावर सासू विचारते, "मंग पक्कं समजू?" आणि सगुणा म्हणते, "नाही." मोठ्याने नको, साधंच म्हण. शेवट कादंबरीतलाच ठेव. दार उघडल्यावर ती लगेच उठली नाही तरी चालेल. प्रज्वलला सांग, तिला कोणी उठवून नेलेलं नको, ती उठेल तेव्हा उठेल.

हे पोचेल तोवर प्रयोग अगदी तोंडावर आला असेल. तू कशी करतेस ते बघायला मी हवी होते.

तुझी,
मंजू


कामरगाव
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मंजू,

प्रयोग झाला. तुझं पत्र दोन दिवस आधी पोचलं आणि चौथा प्रवेश तू सांगितलास तसाच झाला. "नाही" म्हटल्यावर मागच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प झाली, असं सगळे म्हणतात. शेवटी दार उघडलं, सगुणा बसून राहिली, आणि दिवे जायला जरा उशीरच झाला. कोणी खुर्च्या आपटल्या नाहीत. सरांनी तुझं नाव माईकवरून घेतलं.

तू बैठकीत बोललीस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू माझ्याबद्दल जे लिहिलं आहेस त्याला मी पात्र नाही. यापेक्षा जास्त आज लिहिता येत नाही.

बाबूसिंगकाका बोलतील. मोळी लहान बांधतात म्हणजे बोलतीलच.

तुझी,
वैजयंती


कारंजा
२४ फेब्रुवारी २०२५

मंजू,

मी वर्षाराणी लिहून राह्यली. वैजयंतीच्या नावानं तुह्यी दोन पत्रं विभागात येऊन पडली. दुसरं मी फोडलं, माफ कर. त्यात तू विचारलं, स्टेजवर 'नाही' म्हणतांनी तुले कसं वाटलं. ते वाचलं अन् मले राहवलं नाई.

सगुणा वैजयंतीनं नाई केली. मी केली. सासू दुसऱ्या पोरीले दिली. वैजयंती तं प्रयोगाले आलीच नाई.

पोरांसंग नाटकात काम करते हे घरी दिवाळीतच कळलं होतं. तिच्या भावानं, शिवमनं, फोन काढून घेतला. पाण्यात वगैरे काही नाई पडला. लिव्हाचं तं लिव्ह, स्टेजवर चढाचं नाई, असं तिच्या बाबांनी सांगतलं. तरी वैजयंती तालमीत येऊन बसे अन् मले शिकवे, कुठं थांबाचं, कुठं पाहाचं. डिसेंबरात पोरगा पाहून गेला. पुण्याले कंपनीत हाय. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात साखरपुडा झाला. मी गेल्ती. पाहुण्यांनी विचारलं, पोरगी पुढं शिकन का? तिच्या बाबांनी सांगतलं, तिले तशी आवड नाई. ते बाजूलेच बसून होती. काही बोल्ली नाई.

मागं मले म्हणे, मंजूले सांगू नको, ते माह्या भरवशावर हाय.

आता कॉलेज बंद हाय तिचं. लग्न मे महिन्यात. तू आली का पाह्य काय होते ते. आमचं कोणी ऐकत नाई तिथं.

वर्षाराणी


तांडा, कामरगावजवळ
२४ मार्च २०२५

प्रिय वैजू,

हे पोस्टकार्ड मुद्दाम पाठवते आहे. पोस्टमन वाचेल, शिवमदादा वाचेल, तुझ्या बाबांनीही वाचावं.

पट्टा पडला. आम्ही घरी आलो. ट्रकमध्ये बा माझ्याशी बोलला. म्हणाला, "पेपर झाले का मंग पाहू पुढचं." उदयसिंग अजून बापाच्याच टोळीत आहे. आयटीआयचं त्याने पुन्हा काढलं की नाही, मला माहीत नाही.

वर्षाराणीने मला सगळं कळवलं. मला राग आला होता, तो ट्रकमध्येच संपला. तू पत्रं घरी पाठवू नको म्हणालीस ते मी जातीवर नेलं. तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या मंगळवारी दुपारी तुमच्या घरी येते. काकांशी बोलणार आहे. तू बाहेर येऊन बस.

मंजू


कामरगाव
९ एप्रिल २०२५

प्रिय मंजू,

तू त्या मंगळवारी आलीस आणि मी बाहेर आले नाही. तू ओसरीवर बसलीस तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. तुझा प्रत्येक शब्द मी ऐकला. "काका, वैजूनं मले लिव्हलं म्हून मी बोलली. तिले शिकाचं हाय. तुमी तिले एकडाव विचारा," असं तू म्हणालीस. बाबांचा आवाज चढला नाही. "पोरी, तुह्या घरचं तू पाह्य. आमच्या घरचं आमी पाहू," म्हणाले, आणि चहा घेऊन जा म्हणाले. तू चहा घेतला नाहीस. जाताना फाटकापाशी थांबून मागे बघितलंस. मला पाऊल उचलता आलं नाही. तुला वाटलं असेल, आलेलं वाया गेलं.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते आहे.

तू गेल्यावर मी बाबांना जेवायला वाढलं. दोन घास खाऊन ते म्हणाले, "तुही मैत्रीण लय बोलते."

मी म्हणाले, "मी बोलत नाई म्हून तिले बोला लागलं."

ते माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता थांबले तर परत कधी जमणार नाही. म्हणाले, "बाबा, मले हे लगन नाई कराचं. पोरगा वाईट हाय असं नाई. पाहुण्यांसमोर तुमी सांगतलं का मले शिकाची आवड नाई. मले हाय. मी तवाच बोलाले पाह्यजे होतं, बोल्ली नाई. आता बोलून राह्यली."

बाबांनी ताटात हात धुतला आणि उठले. आई रडायला लागली. शिवम म्हणाला, हे सगळं त्या नाटकानं केलं. एवढं चांगलं स्थळ परत दारात येत नाही, पाहुण्यांना काय तोंड दाखवायचं, हेच आठवडाभर चाललं आहे. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. तू उसात कशी राहिली असशील ते आता मला कळतं. तुला 'फार तर काय होईल' असं मी किती सहज लिहिलं होतं. हे होतं. घरातलं माणूस शेजारून जातं आणि आपल्याकडे बघत नाही.

लग्न मोडलेलं नाही. पाहुण्यांना कोणी काही कळवलं नाही. मला बाहेर जाऊ देत नाहीत, हे पत्र पोस्टमनच्या हाती देते आहे. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही, आणि मी धीट झाले असंही तू समजू नकोस.

पण आज सकाळी मी अंगण झाडत होते. बाबा पायात चप्पल घालत दारात उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेपर कवापासून हायेत?"

मी म्हणाले, "एकवीस तारखेपासून. अकराले सुरू होतात."

ते दुसरी चप्पल घालायला वाकले. मग म्हणाले, "मंग नऊची गाडी पकडा लागन," आणि शेताकडे निघून गेले.

तुझी,
वैजयंती